एक कोटी रुपये केवढे असतात? वर्गात दाखवायचे आहेत, मदत करा

झेडपी_गुरुजी
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे, सातवीला गणित शिकवतो. मागच्या आठवड्यात मोठ्या संख्या चालू होत्या. फळ्यावर १,००,००,००० लिहिलं. शून्यं किती, स्वल्पविराम कुठं, सगळं लेकरांनी बरोबर सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, पण कोटभर रुपये केवढे असत्यात? घरात मावत्यात का?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी एका वेळी हाताळलेली सगळ्यात मोठी रोकड म्हणजे दीड लाख, घराच्या स्लॅबच्या वेळची. ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणली होती. कोटीचं मला खरंच माहीत नव्हतं. "पुढच्या आठवड्यात दाखवतो" असं सांगून बसलोय.

तर एक कोटीचं वजन किती भरतं, ढीग केवढा होतो, पोत्यात मावतो की कपाट लागतं? ज्यांनी मोठी रोकड मोजली, वाहिली, सांभाळली आहे त्यांनी अनुभव लिहा. मुलांसमोर ठेवता येईल असं काही सुचलं तर आणखी चांगलं.

मोंढ्यातला
आधी नोट कोणती ते ठरवा गुरुजी. पाचशेच्या नोटांचा कोटी वेगळा आणि दहाच्या नोटांचा कोटी वेगळा.

पुण्यातला_लातूरकर
हिशोब सोपा आहे. आत्ताची ५०० ची नोट १५० मिलीमीटर लांब आणि ६६ मिलीमीटर रुंद. एक कोटी म्हणजे अशा २०,००० नोटा. एका नोटेचं वजन ग्रॅमभर, किंवा थोडं जास्त. म्हणजे २० ते २३ किलो. गव्हाचं अर्धं पोतंसुद्धा नाही. सेकंदाला एक नोट मोजली तर साडेपाच तास लागतील. सगळ्या कोऱ्या नोटांची एकावर एक थप्पी लावली तर दरवाजाच्या उंचीपेक्षा थोडी वर जाईल.

घनफळ काढलं तर साधारण २४ लिटर येतं. कॉलेजच्या पोरांची सॅक २५-३० लिटरची असते. म्हणजे एक कोटी एका सॅकमध्ये जातो.

मोंढ्यातला
सॅकमध्ये जात नाही दादा. आडतीवर बसून तीस वर्षं झाली. सोयाबीनच्या हंगामात पंधरा-वीस लाखांची रोकड एका दिवसात हातातून जाताना बघितलेली आहे. वीस लाखाला बाजाराची मोठी कापडी पिशवी गच्च भरायची. त्या हिशोबानं कोटीला पाच पिशव्या.

पुण्यातला_लातूरकर
गणित चुकतंय कुठं ते सांगा ना काका. १५० गुणिले ६६ गुणिले पाकिटाची जाडी १२ मिलीमीटर, अशी २०० पाकिटं.

निवृत्त_रोखपाल
दोघंही बरोबर आहात, तुमच्या नोटा फक्त वेगळ्या आहेत. लातूरकरांच्या नोटा छापखान्यातून आलेल्या, मोंढेकरांच्या बाजारातून फिरून आलेल्या.

बँकेच्या भाषेत शंभर नोटांचं एक पाकीट आणि दहा पाकिटांचं एक बंडल. नाशिक रोडच्या किंवा देवासच्या छापखान्यातून आलेलं कोरं पाकीट बोटाएवढं जाड, कडा सुरीसारख्या. तेच पाकीट दोन वर्षं बाजारात फिरलं की दीडपट-दुप्पट फुगतं. घड्या पडतात, घाम लागतो, कुणी कोपरे दुमडतं. नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. तो ओल धरतो आणि एकदा दुमडला की पहिल्यासारखा सपाट बसत नाही. त्यामुळं वजन जवळपास तेवढंच राहतं, पण जागा चाळीस लिटरच्या आसपास लागते. त्यात मोंढ्यात शंभरा-दोनशेच्याही नोटा मिसळलेल्या असणार.

आता थोडं जुनं सांगतो. मी १९८१ ला लागलो. पहिली नेमणूक कापसाच्या पट्ट्यातल्या शाखेत. त्या वेळी शंभराची नोट सगळ्यात मोठी. हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा १९७८ च्या जानेवारीत बंद झाल्या होत्या आणि पाचशेची नोट यायला १९८७ उजाडलं. कापसाचे चुकारे सुरू झाले की जिल्ह्याच्या ठिकाणाहून पत्र्याच्या ट्रंकेतून रोकड यायची. पन्नास लाखांची ट्रंक म्हणजे शंभराची पाचशे पाकिटं. नुसत्या नोटांचं वजन पन्नास किलोच्या वर, पत्रा वेगळा. दोन शिपाई दोन्ही कड्यांना धरून जीपमधून उतरवायचे. जीपच्या तळाला साखळी वेल्ड केलेली होती, तिला ट्रंक कुलपानं अडकवलेली. सोबत दुनळी बंदूकवाला गार्ड आणि मी. रस्ता असा की खड्ड्यात जीप आदळली की ट्रंक आधी वर उडायची, मग आम्ही.

पाकिटांना तेव्हा जाड तारेची पिन मारलेली असायची. ती काढताना नखात घुसायची. हंगामात माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कायम चिकटपट्टी असे. पिना मारू नका, कागदी पट्टी लावा, असं रिझर्व्ह बँकेनं २००१ च्या सुमारास बँकांना बजावलं, तोवर माझी निम्मी नोकरी झाली होती. नोटांचं वजन म्हटलं की मला आधी ती पिन आठवते, आणि मोजताना उडणारी धूळ. संध्याकाळी रुमाल काळा निघायचा.

लेकुरवाळी
काका, किती छान लिहिलंत! माझे वडीलही रोखपाल होते. घरी आले की आधी हात साबणानं धुवायचे, मगच आम्हाला जवळ घ्यायचे. कारण आज कळलं.

शाखेतली_ताई
मी हिंगोलीकडच्या एका छोट्या शाखेत होते नोव्हेंबर २०१६ मध्ये. पैशाला जागा लागते हे मी त्या पन्नास दिवसांत शिकले.

८ नोव्हेंबरला रात्री नोटबंदीची घोषणा झाली. तेव्हा देशात पाचशेच्या १,७१६ कोटी आणि हजारच्या ६८५ कोटी नोटा चलनात होत्या. त्यातला आमच्या वाट्याला आलेला ढीग ठेवायला तिजोरीत जागाच उरली नाही. जेवायच्या खोलीत टेबलावर, टेबलाखाली, भिंतीला टेकवून पोती. आम्ही डबा उभ्यानं खात होतो.

नवीन नोटांचा आकार बदलला, त्यानं वेगळाच ताप झाला. जुनी हजारची १७७ बाय ७३, नवी दोन हजारची १६६ बाय ६६. एटीएमच्या आतले खण जुन्या मापाचे. नवीन नोट त्यात नीट बसेना. देशभरातलं प्रत्येक यंत्र माणसानं प्रत्यक्ष जाऊन उघडून दुरुस्त करायचं होतं. आमच्या गावातलं एटीएम तीन आठवडे बंद होतं. मिलीमीटरचा फरक आणि बाहेर दोनशे माणसांची रांग.

एक आजी आठवतात. त्यांनी चंचीतून ५०० च्या ९२ नोटा काढल्या. प्रत्येक नोट आठ घड्या घालून सुपारीएवढी केलेली. शेळ्या विकून साठवलेले पैसे होते, ४६ हजार. यंत्र घेईना, दर दोन नोटांना अडकायचं. मी आणि शिपाईदादांनी एकेक घडी उलगडून काऊंटरच्या काचेखाली दाबून सपाट केली. अर्धा तास लागला. आजी समोर उभ्या राहून ओठांनी आमच्याबरोबर मोजत होत्या. शंभराला आठ कमी असलेलं ते पाकीट चार बोटं जाड झालं होतं.

पैठणची_लेक
शाखेतली_ताई, डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या घरचा किस्सा सांगते, गुरुजींना उपयोग होईल. आजोळचा वाडा माळवदाचा. सात-आठ वर्षांपूर्वी मागची भिंत उतरवायला काढली, तर बळदाच्या (धान्याच्या कोठाराच्या) तळाशी राखेत पुरलेला एक तांब्या निघाला. तोंडाला फडकं बांधलेलं, आत चांदीचे रुपये. चारमिनार छापलेले, निजामाचे. मामांनी जमिनीवर चादर अंथरून ओतले तेव्हा जो आवाज झाला तो अजून कानात आहे. मोजले तर ११२ भरले. आजी म्हणाली, "हे हाली हायेत, कलदार न्हाईत."

सगळ्यात नवल वाटलं वजनाचं. एवढासा तांब्या, पण मी एका हातानं उचलायला गेले तर मनगट वाकलं.

देवगिरीच्या_पायथ्याशी
पैठणची_लेक, तुमच्या तांब्याचा हिशोब करू या. निजामाचा चांदीचा रुपया ११.१८ ग्रॅमचा. ११२ रुपये म्हणजे सव्वा किलो. आणि हाली-कलदारचा दर होता सात हालीला सहा कलदार, म्हणजे तुमच्या ११२ हालीचे बरोबर ९६ कलदार. नव्या पिढीसाठी सांगतो. इंग्रजांच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार आणि हैदराबाद संस्थानाचा तो हाली. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं तरी हाली नाणं त्यानंतरही काही वर्षं आपल्याकडं चालत होतं. मराठवाड्यातल्या जुन्या खरेदीखतांत "रुपये हाली सिक्का" असं लिहिलेलं सापडतं ते त्यामुळं.

गुरुजी, मुलांना हेही जरूर सांगा की एके काळी रुपया हेच वजन होतं. कलदार रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. म्हणजे ऐंशी रुपये तराजूत टाकले की शेर झाला. आता लाखाचा हिशोब करा: एक लाख रुपये म्हणजे सव्वाएकतीस मण चांदी, ११६६ किलो. पूर्ण एक बैलगाडी. "लाखाचा धनी" म्हणजे एक गाडीभर चांदीचा धनी, आणि ती गाडी चोरा-दरोडेखोरांतून हाकत न्यायची. म्हणून सावकार हुंडी लिहायचे. इथं रुपये भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि हैदराबादला किंवा मुंबईला त्या पेढीच्या माणसाकडून रुपये उचलायचे. बैलगाडीचं ओझं एका कागदाच्या घडीत यायचं.

आणि देवगिरीचा विषय निघालाच आहे तर, १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीनं रामदेवराय यादवाकडून नेलेल्या खंडणीचा आकडा इतिहासकार फिरिश्तानं मणात दिलाय: सहाशे मण सोनं, हजार मण चांदी, सात मण मोती.

पुण्यातला_लातूरकर
सहाशे मण म्हणजे चाळीस किलोच्या मणानं २४ टन सोनं. पटत नाही.

देवगिरीच्या_पायथ्याशी
मण चाळीस किलोचा धरू नका. त्या काळचा मण त्याच्यापेक्षा बराच लहान होता. शिवाय फिरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहितोय, त्यामुळं आकडा जपूनच घ्यावा. मला त्यातला आकड्यापेक्षा मापाचा शब्द महत्त्वाचा वाटतो. इतिहासकार पैसे मोजत नाही, तोलतो. संपत्ती एवढी झाली की मोजणी सोडून लोक तराजू काढतात.

याच किल्ल्यावर १३२७ मध्ये राजधानी आणणाऱ्या महंमद तुघलकानं पुढं तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंकाच्या किमतीनं चालवायचा हुकूम काढला. घरोघरी टांकसाळी निघाल्या. शेवटी हुकूम मागं घेऊन त्या नाण्यांच्या बदल्यात खजिन्यातून सोनं-चांदी द्यावी लागली आणि परत आलेल्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत डोंगरासारखे पडून राहिले, असं त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो.

बसवाहक_२२
इतिहास वाचून मजा आली. आता चिल्लरीबद्दल मी सांगतो, कारण आमच्या खांद्याला ती माहीत आहे.

एसटीत बावीस वर्षं झाली. पूर्वीचं ते ठोकळ्यासारखं जाड पाचचं नाणं ९ ग्रॅमचं होतं. यात्रेच्या गाडीला, तुळजापूर-माहूरच्या नवरात्रात, दिवसभरात दोन-अडीच हजारांची चिल्लर जमायची. पाच-सहा किलो कातडी पिशवीत, एकाच खांद्यावर. माझा डावा खांदा आजही उजव्यापेक्षा खाली आहे, शिंप्याच्या लक्षात येतं.

आताची नाणी हलकी झालीत. २०१९ नंतरचा एक रुपया ३.०९ ग्रॅम, दहाचं नाणं ७.७४, वीसचं बारा कोनांचं ८.५४. गुरुजी, एक रुपयाच्या नाण्यांचा कोटी काढा पोरांकडून.

पुण्यातला_लातूरकर
३.०९ गुणिले एक कोटी = ३०.९ टन. दहा चाकी दोन ट्रक.

किराणा_कट्टा
कोणी घेणार नाही ते दोन ट्रक 😄 आमच्या गावात दहाचं एक नाणं घेताना लोक तोंड फिरवतात. "चालत न्हाई" म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत. मी ती बातमी कापून गल्ल्याच्या काचेवर चिकटवली. तरी रोज वाद. माझ्याकडं डालड्याच्या जुन्या डब्यात साडेसात हजारांची दहाची नाणी पडून आहेत, जवळपास सहा किलो. माझा माल विकून आलेला चोख पैसा आहे तो. होलसेलवाला घेत नाही, गिऱ्हाईक घेत नाही. राग येतो मनापासून.

निवृत्त_रोखपाल
किराणा_कट्टा, तुमचा राग रास्त आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: २०११ च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंतच वैध चलन आहेत. त्यापुढं समोरचा नाही म्हणू शकतो. पण बँकेत भरायला हजाराची मर्यादा नाही. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या बांधून न्या, रोखपालाला मोजायला सोपं जातं.

किराणा_कट्टा
धन्यवाद काका. सोमवारी नेतो.

स्टीलनगरीचा
जालन्याचं कोणीच कसं काढलं नाही? ऑगस्ट २०२२. आयकर खात्यानं छापा टाकला, ५६ कोटींची रोकड आणि ३२ किलो सोनं. गाड्यांवर लग्नाच्या वऱ्हाडाची स्टिकरं लावून अधिकारी आले होते. नोटा मोजायला तेरा तास लागले अशा बातम्या होत्या.

पुण्यातला_लातूरकर
सगळ्या पाचशेच्या धरल्या तर ११ लाख २० हजार नोटा. सव्वा टनाच्या आसपास. छोटा हत्ती टेम्पो लागेल, तोही ओझ्यानं मागं बसलेला. आणि ३२ किलो सोनं वितळवून एकत्र केलं तर जेमतेम पावणेदोन लिटर, पाण्याच्या दोन बाटल्यांत मावेल. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड असतं.

चिकित्सक_चाचा
आणि ते पैसे कोणाचे होते, पुढं काय झालं, कोण मागं होतं...

प्रशासक
धागा गुरुजींच्या प्रश्नाचा आहे. छाप्याच्या राजकारणासाठी वेगळा धागा काढावा. इथं वजन-मापावर बोलू या.

नांदेडी_मस्कतमध्ये
इकडच्या अनुभवावरून एक भर. अमेरिकन डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच आकाराच्या आणि बरोबर एक ग्रॅमच्या. दहा लाख डॉलर शंभराच्या नोटांत दहा किलो. युरोची ५०० ची नोट होती, तिच्यात दहा लाख युरो सव्वादोन किलोच्या आसपास बसायचे, एका लॅपटॉपएवढं ओझं. गुन्हेगारांना सोयीची म्हणून युरोपनं २०१९ मध्ये ती नव्यानं चलनात आणणं थांबवलं. आपल्याकडं दोन हजारची आली तेव्हा तेच झालं होतं. एक कोटी म्हणजे फक्त पन्नास पाकिटं. मे २०२३ मध्ये ती चलनातून काढून घेतली.

उलट टोक स्वीडनचं. १६४४ मध्ये त्यांनी तांब्याच्या पत्र्याचं दहा डालरचं नाणं काढलं, एका नाण्याचं वजन १९.७ किलो. बाजाराला जाताना एक नाणं घेऊन गेलं तरी गाडी जुंपायला लागावी. पुढं १६६१ मध्ये युरोपातल्या पहिल्या बँकनोटा त्याच देशात निघाल्या.

समृद्धीग्रस्त
मी जरा वेगळं लिहितो. आमची साडेचार एकर समृद्धी महामार्गात गेली. सरकारनं थेट खरेदी केली, पैसे खात्यावर आले. दादांनी (माझे वडील) आयुष्यात एवढा आकडा बघितला नव्हता. पासबुकावर एक ओळ छापून आली. दादा ती ओळ बोटानं चाचपत होते. म्हणाले, "साडेचार एकर गेली आन् एवढीच जागा लागली व्हय रे?"

चार दिवसांनी मला घेऊन बँकेत गेले. साहेबांना म्हणाले, मला माझे पैसे बघायचेत. साहेब चांगला माणूस. समजावून सांगितलं की बाबा, तुमचे असे वेगळे ठेवलेले नसतात. दादांना ते पटलं नाही. मग त्यांनी दोन लाख काढले. चार पाकिटं. घरी आणून देवघरात पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, रात्रभर शेजारी बसून राहिले. सकाळी म्हणाले, "ने, भरून ये परत." त्यांची जमीन त्यांनी पायानं मोजलेली होती, बांधापासून विहिरीपर्यंत चारशे दहा पावलं. पैशालाही तसंच काहीतरी माप असेल असं त्यांना वाटत होतं.

पैठणची_लेक
समृद्धीग्रस्त दादा, चारशे दहा पावलं वाचून हात थांबला.

मोंढ्यातला
आमच्याकडंही आता बहुतेक पट्टी (मालाचे पैसे) खात्यावरच जाते. २०१७ पासून एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायलाच बंदी आहे, घेतली तर तेवढाच दंड. ती कापडी पिशवी खुंटीला नुसती लटकून आहे.

कोयता_ते_कोडिंग
माझे वडील ऊसतोड टोळीचे मुकादम होते, बीडकडचे. आता थकले. दसऱ्याच्या आधी उचल वाटायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून लिहितो. एका कोयत्याला ठरलेली उचल हंगामाच्या आधी रोख द्यायची, मग ती कारखान्यावर ऊस तोडून फेडायची.

अण्णा (वडील) कारखान्याच्या ठेकेदाराकडून रक्कम आणायचे. सहा-सात लाख, बहुतेक शंभराच्या नोटा, कारण गावात पाचशे मोडून मिळायची नाही. खताच्या पोत्यात खाली पैसे आणि वर कडबा-कुट्टी. एसटीच्या टपावर नाही, पायाशी. पोत्यावर पाय ठेवून सहा तास बसायचे, लघवीलाही उतरायचे नाहीत. घरी आले की आई ते पोतं धान्याच्या कणगीत उतरवायची. दुसऱ्या दिवशी ओसरीत लोक बसायचे. अण्णा थुंकी लावून मोजायचे, समोरचा अंगठा द्यायचा. मी आठ-दहा वर्षांचा होतो. मला आठवतंय, पैसे घेतलेला माणूस ते लगेच बायकोच्या हातात द्यायचा आणि ती पदराच्या आत कमरेला बांधायची. दोघांचं सहा महिन्यांचं काम, एका मुठीत धरता येईल एवढं पुडकं.

वेरूळकर
सगळे पाचशेच्या मागं. वीसच्या नव्या नोटेवर आमचं वेरूळ आहे, तिला पण धाग्यात जागा द्या 🙏

भूमिती_बाई
गुरुजी, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येते. मीही शिक्षिका, धाराशिवला. खऱ्या नोटा वर्गात आणता येणार नाहीत आणि २०,००० चिठ्ठ्या कापणं मुलांना शक्य नाही. ए-फोर कागदावर सरळ एकाखाली एक आखल्या तर नोटेच्या मापाच्या चारच चिठ्ठ्या निघतात, दहा रीम लागतील. त्यापेक्षा बंडल करा. पाचशेचं एक बंडल, म्हणजे पाच लाख, अंदाजे १५ सेंटिमीटर लांब, ६.६ रुंद आणि १२ उंच. विटेपेक्षा थोडं लहान. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची अशी वीस खोकी केली की झाला कोटी.

निवृत्त_रोखपाल
उत्तम. प्रत्येक खोकं किलो-सव्वा किलोचं भरलं पाहिजे, मग हातालाही खरं वाटेल.

झेडपी_गुरुजी
मंडळी, आज प्रयोग झाला. सविस्तर लिहितो.

पाच दिवस मुलं पुठ्ठे कापत होती. आत काय भरायचं हा प्रश्न होता. नुसती काळी माती भरली तर खोकं दीड किलोच्या वर जायचं. मग एका मुलानं घरून सोयाबीनचं भुसकट आणलं. थोडी माती, थोडं भुसकट असं करत किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक खोकं ११०० ग्रॅमवर आणलं. काटा वर-खाली होताना मुलं श्वास धरून बघत होती. प्रत्येक खोक्यावर "५,००,०००" लिहिलं.

वीस खोकी टेबलावर रचली. पाच-पाचचे चार थर. मुलांचे चेहरे पडले. "एवढंच?" शाळेच्या कपाटाच्या एका फळीवर सगळी मावली, वर जागा उरली. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला म्हणालो, बघ, घरात मावतात. ती म्हणाली, "आमच्या कोनाड्यातबी मावत्यान."

मग दहाच्या नोटांचा कोटी केला. दहाची नोट १२३ बाय ६३. दहा लाख नोटा, म्हणजे एक हजार बंडलं. हिशोब केला तर जवळपास एक घनमीटर. मुलं स्वतःच ओरडली की आपली पाण्याची काळी टाकी हजार लिटरची आहे. सगळी पळत टाकीपाशी. दोन मुलांनी हात पसरून टाकीला मिठी मारून बघितली. तोच कोटी, तेवढाच, हे त्यांना पचायला वेळ लागला. त्यानंतर बसवाहक दादांच्या नाण्यांचा हिशोब केला आणि कारखान्याच्या रस्त्यावरून उसाचे ट्रक जाताना बघून मुलांनीच बोट दाखवलं.

शेवटी वीस खोकी खताच्या रिकाम्या गोणीत भरली. बावीस किलो. ज्याला उचलायचं त्यानं उचलून बघा म्हणालो. मुलांनी दोन्ही हातांनी ओढून बघितली, दोघांनी गुडघ्यापर्यंत आणली. मग ती मुलगी आली. तिचे आई-वडील दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेत, यंदा ती आजीजवळ राहिली आहे, मागच्या वर्षी मात्र त्यांच्यासोबत होती. तिनं ओढणीची चुंबळ केली, गोणीला मैत्रिणीला हात लावायला सांगितला आणि डोक्यावर घेऊन वर्गाला एक चक्कर मारली. खाली ठेवून म्हणाली, "मोळी याच्याहून जड ऱ्हाती गुरुजी."

कोयता_ते_कोडिंग
खरं आहे. ओली मोळी चाळीसच्या पुढं जाते. आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं असतं.

गुरुजी, त्या लेकराला यंदा गावात ठेवलंत ते फार चांगलं झालं. वह्या-पुस्तकं, दप्तर काही लागलं तर मला निरोप पाठवा. संकोच करू नका.

झेडपी_गुरुजी
पाठवतो. तिची आजी ठेवायला तयार झाली म्हणून जमलं, आजीलाच मान.

शाखेतली_ताई
गुरुजी, ती खोकी फेकू नका. आमच्या इथल्या शाळेतल्या बाई मागतायत, शनिवारी न्यायला येऊ का?

झेडपी_गुरुजी
या ताई. फक्त गोणी उचलायला कोणीतरी सोबत आणा.